ग्राहक भांडार खासगी साखळीला चालवायला द्यायचं का? (नेरुळ)

जमाखर्च

यंदाच्या वार्षिक सभेची विषयपत्रिका हातात पडली. सातवा विषय: 'संस्थेचे ग्राहक भांडार योग्य त्या खासगी आस्थापनेस चालविण्यास देणेबाबत विचार करणे.' म्हणजे कार्यकारिणीचं मन झालेलं आहे, आता फक्त सभेचा ठराव हवाय. संस्थेचं नाव इथे घेत नाही. नेरुळच्या जुन्या सिडको वसाहतीत राहणाऱ्यांना ते न सांगता कळेल आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

थोडी पार्श्वभूमी. नेरुळ वसत होतं तेव्हा आसपास धड दुकानं नव्हती. महिन्याचं वाणसामान भरायचं तर वाशी गाठा, नाहीतर ऑफिसातून येताना दादरहून पिशव्या वाहून आणा. इथे राहायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी मुंबईत अपना बाजार पाहिलेला होता. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेली ती संस्था त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली होती. मग भाग (शेअर) गोळा झाले, संस्था नोंदली गेली, सिडकोकडून गाळा मिळाला. पुढे बरीच वर्षं दिवाळीआधी रवा-मैदा-तेलासाठी रांग लागायची. आज दुपारी दुकानात गेलात तर दोन नोकर, एक मांजर आणि वर्तमानपत्र वाचायला आलेले एखादे निवृत्त सभासद एवढी गर्दी असते.

आता एक गोष्ट, जी नेरुळमध्ये राहूनही फार जणांना ठाऊक नसते. डी-मार्ट सुरू करण्याआधी राधाकिशन दमाणींनी १९९९ मध्ये अपना बाजारची फ्रँचायझी घेऊन चालवली होती, आणि ती याच आपल्या नेरुळमध्ये. ते गणित त्यांना पटलं नाही. २००२ साली त्यांनी पवईत स्वतःचं पहिलं दुकान उघडलं आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सहकारी दुकान आतून पाहून, त्यात काय चालतं आणि काय चालत नाही हे ओळखून गेलेला माणूस आज आपला स्पर्धक आहे.

मी काही वर्षं संस्थेचे हिशेब जवळून पाहिलेत. माझं मत असं आहे की भावात आपण मार्टशी जिंकूच शकत नाही आणि तो नाद सोडावा. साबण, बिस्किटं, टूथपेस्ट यांवर आपल्याला वितरक जेवढं मार्जिन देतो तेवढंच कोपऱ्यावरच्या वाण्याला देतो, कारण आपली खरेदीच तेवढी. मार्ट कंपनीकडून थेट ट्रक उतरवून घेतं, बिल लवकर चुकतं करतं आणि त्याची सूट पदरात पाडून घेतं. त्यांची दुकानं बहुतांशी स्वतःच्या जागेत असतात, त्यामुळे भाड्याचा बोजा नाही. गंमत म्हणजे हे शेवटचं बळ आपल्याकडेही आहे. गाळा आपलाच. तरी तोटा होतो, कारण मालक म्हणवणारेच खरेदीला दुसरीकडे जातात. शेजारच्या सोसायटीतले आमचे एक माजी संचालक दर शनिवारी रिक्षात डोंगर भरून माल आणतात, तो कुठून ते सांगायला नको.

तर प्रश्न असा: दुकान द्यायचं, बंद करायचं की वेगळ्या पद्धतीने चालवायचं? नुसतं 'सहकार टिकला पाहिजे' असं लिहू नका, ते सभेत अध्यक्ष म्हणणारच आहेत.

उरणफाटा

द्या चालवायला. महिन्याला भाडं येईल, नोकरांचे पगार वाचतील, सभासदांना लाभांश मिळेल. भावनेच्या भरात अजून किती वर्षं तोटा काढायचा?

चहाबिस्कीट

भाड्याने कशाला? विकून टाका आणि सभासदांत वाटून घ्या. नेरुळमधल्या गाळ्याचा आजचा भाव बघितलात का? 😀

जमाखर्च

@चहाबिस्कीट, दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. असं वाटून घेता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम ११० बघा. संस्था गुंडाळली आणि देणी भागवून मालमत्ता उरली, तरी ती सभासदांत वाटायची नसते. उपविधींत लिहिलेल्या किंवा सार्वजनिक हिताच्या कामाला ती जाते. तुमच्या हातात तुमच्या भागाची रक्कम येईल, गाळ्याचा भाव नाही.

@उरणफाटा, लाभांशावरही १५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे आणि नफ्यातला किमान पाव हिस्सा आधी राखीव निधीत टाकावा लागतो. शंभर रुपयांच्या भागावर जास्तीत जास्त पंधरा रुपये. त्यात वडापाव येईल, चहा आपल्या खिशातून.

वहीखातं

माझं कोपरखैरण्यात किराणा दुकान आहे, वडिलांपासून. त्यामुळे मी 'खासगी'च्या बाजूने बोलणार असं वाटेल. बोलतो.

नेरुळहून तुर्भ्याचं मार्केट किती लांब आहे हो? मी आठवड्यातून दोनदा सकाळी दाणा मार्केटला जातो. गोणीत हात घालून डाळ बघतो, भाव पटला तर तिथेच सौदा. तुमच्या भांडाराला काय करावं लागतं ते मला ठाऊक आहे, कारण मी एकदा त्यांना माल द्यायला गेलो होतो. तीन दरपत्रकं मागवायची, ती खरेदी समितीपुढे ठेवायची, समिती बसणार पंधरवड्याने, तीही कोरम झाला तर. तोवर तूरडाळीचा भाव वर जाऊन खालीसुद्धा आलेला असतो. देशातल्या मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक पायाशी असताना तुम्ही वितरकाच्या टेम्पोची वाट बघत बसता.

दुसरं, माझ्याकडे मी, बायको आणि धाकटा भाऊ. रात्री साडेदहाला कुणी अर्धा किलो साखर मागितली तर शटर अर्धं वर करतो. तुमच्याकडचा माणूस पगारी आहे. त्याला दोष देत नाही, साडेआठला तो घरी जाणारच. उधारीचंही तसंच. माझी वही आहे, कुणाचं किती थकलंय आणि कुणाला चार दिवस थांबायचं हे मला कळतं. तुमच्याकडे उधार दिलं तर लेखापरीक्षणात शेरा येतो.

पण हेही सांगतो. मार्ट आल्यावर माझं महिन्याच्या यादीचं गिऱ्हाईक गेलं, आणि दहा मिनिटांत घरपोच देणारे आल्यावर संध्याकाळचं दूध-ब्रेड-अंडी गेलं. आता उरलंय उधारीवालं गिऱ्हाईक आणि मोटारसायकल रस्त्यात लावून तंबाखू मागणारे. त्यामुळे भांडार मेलं तर माझा फायदा होईल असं कुणी समजू नये. तुमचं गिऱ्हाईक माझ्याकडे येणार नाही.

तलावपाळी

ठाण्याच्या नौपाड्यातून लिहितेय. जमाखर्च, तुमचं दुकान दुकान आहे हीच अडचण असेल तर?

आमच्याकडे सासूबाईंच्या वेळेपासून मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही १९७५ पासूनची संस्था. महागाई, टंचाई, भेसळ यांनी लोक पिचले होते तो काळ. १९७२ चा मृणाल गोऱ्यांचा लाटणे मोर्चा आमच्या सासूबाई अजून रंगवून सांगतात. पंचायतीची रीत साधी आहे. शेजारपाजारची दहा-पंधरा कुटुंबं मिळून एक संघ. पुढच्या महिन्याला काय आणि किती हवं याची यादी आधी भरून द्यायची. सगळ्या संघांच्या याद्या एकत्र झाल्या की तेवढीच खरेदी. ठरलेल्या दिवशी एका घरी माल उतरतो आणि तिथे बसून आम्हीच तो घरागणिक लावतो. शेल्फ नाही, गल्ला नाही, माल पडून राहणं नाही. ठाण्यात असे संघ गल्लोगल्ली आहेत.

आता तोटे पण सांगते, नाहीतर जाहिरात वाटेल. जिरं संपलं म्हणून मधेच मागता येत नाही. वाटपाच्या दिवशी घरी माणूस लागतं. ज्यांच्या घरी माल उतरतो त्यांचा दिवाणखाना दिवसभर गोदाम होतो. नोकरी करणाऱ्या सुना 'आई, तुम्हीच बघा' म्हणतात आणि आया आता सत्तरीच्या आहेत. आमच्या संघातली चार घरं गेल्या काही वर्षांत गळाली. पण उरलेली घरं यादी भरतात आणि भरलेला माल घेतात. तुमच्या भांडारात असा एक तरी सभासद आहे का, जो आधी सांगतो की मी या महिन्याला इतका माल घेणारच?

उरणफाटा

@तलावपाळी म्हणजे सगळं काम तुम्ही फुकट करता म्हणून स्वस्त पडतं. बायकांचे तास हिशेबात धरा, मग बघू.

तलावपाळी

धरा की. मार्टमध्ये रविवारी सकाळी गाडी लावायला जागा शोधणं आणि बिलिंगच्या रांगेत उभं राहणं हे तुमचे तासही धरा मात्र.

पन्हाळ्याचा_पाहुणा

सहकार खासगीपुढे टिकत नाही म्हणणाऱ्यांनी सकाळी सहाला नेरुळच्या दूधवाल्यासमोर उभं राहावं. गोकुळ म्हणजे कोल्हापूर जिल्हा दूध संघ, अमूल म्हणजे १९४६ च्या खेडा संघातून उभा राहिलेला गुजरातचा सहकार. दोघं खासगी डेअऱ्यांना पुरून उरलेत आणि वर एकमेकांशीही भांडतात. सहकारात स्पर्धा नसते म्हणणाऱ्याला त्या क्रेट दाखवा.

जमाखर्च

@पन्हाळ्याचा_पाहुणा, मुद्दा बरोबर आहे, पण त्यातूनच आमचं दुखणं कळतं. शिरोळ-करवीरच्या शेतकऱ्याचं दूध रोज सकाळ-संध्याकाळ निघतं. ते कुठेतरी घालावंच लागतं आणि दर दहा दिवसांच्या बिलावर त्याचं घर चालतं. संघ बुडाला तर तो रस्त्यावर येतो, म्हणून संचालकाची कॉलर धरायला तो सभेत येतो. आमच्या सभासदाचं काय अडतं? भांडारात साखर दोन रुपयांनी महाग असेल तर तो शांतपणे पुढच्या दुकानात जातो. भांडणसुद्धा करत नाही. उत्पादकांचा सहकार आणि ग्राहकांचा सहकार यांत हा मूळ फरक आहे. महाराष्ट्रात साखर कारखाने आणि दूध संघ फोफावले, ग्राहक भांडारं मात्र एकेक करून आटली, त्यामागे हे मोठं कारण आहे असं मला वाटतं. नुसत्या भ्रष्टाचारावर बोट ठेवून चालणार नाही. तो तिकडेही काही कमी नव्हता.

आणि दुधातही सगळं आलबेल नाही. राज्याच्या महासंघाचं 'महानंद' २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे चालवायला द्यावं लागलं. मुंबईसारखी बाजारपेठ दाराशी असून.

ग्राहक भांडारांची भरभराट टंचाईच्या काळातली. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने ग्राहक सहकारी संस्थांसाठी खास योजना काढली होती. साखर, तेल, कापड जेव्हा मिळतच नव्हतं तेव्हा भांडाराचा सभासद असणं हीच मोठी सोय. १९९१ नंतर वस्तू मुबलक झाल्या आणि रांग संपली. आपण मात्र रांग लागेल अशाच तयारीत दुकान मांडून बसलो.

खाडीपूल

एका गोष्टीकडे कुणी बघत नाहीये: विश्वास. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा. तेव्हा ठेवींवर विमा होता एक लाखाचा, पाच लाखांचा झाला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत जाईपर्यंत २०२२ उजाडलं. पनवेलच्या कर्नाळा बँकेचा परवाना २०२१ मध्ये रद्द झाला. आता 'सहकारी' अशी पाटी दिसली की माझ्या पिढीची माणसं दोन पावलं मागे सरतात. तुम्ही डाळ कितीही चांगली ठेवा.

तलावपाळी

@खाडीपूल, आमच्या ठाण्यातच १९७२ साली निघालेली जनता सहकारी बँक आज टीजेएसबी म्हणून दुसऱ्या राज्यांतही शाखा चालवते. पारसिक बँक कळव्यातून उभी राहिली. बुडालेल्यांची नावं पाठ असतात, चालणाऱ्यांची कुणी घेत नाही. आणि पीएमसीला एकट्या कर्जदार बिल्डरने बुडवलं म्हणायचं तर तो बिल्डर कुठे सहकारी होता?

खाडीपूल

कर्ज देणारे तर सहकारीच होते ना. खाती लपवणारे पण. असो, अवांतर नको.

पामबीच_पायी

इतकी वर्षं इथे नुसती वाचत होते, आज लॉगिन केलं. मी या संस्थेच्या सभासदाची मुलगी. भाग आईच्या नावावर आहे.

मी नरिमन पॉइंटहून सीवूड्सला उतरते तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. भांडार साडेआठला बंद. दुपारी एक ते चार बंद. सोमवारी बंद. आईला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. अशा वेळी फोनवर बोट दाबलं की घरात कोथिंबीर येते. ती देणाऱ्या मुलाचे हाल मला दिसतात, जिना चढून आलेल्याला मी पाणी विचारते, पण मागवायचं थांबवत नाही. तुम्ही सगळे मला मालकीण होण्याचे फायदे सांगताय. मला कोथिंबीर हवीय.

तरी एक सांगते. अ‍ॅपवरून जी तूरडाळ आली ती आई दोनदा शिजवूनही नावं ठेवत होती. भांडारातले लातूरच्या डाळीचे दिवस तिला आठवतात. म्हणजे तुमच्याकडे काहीतरी होतं.

वहीखातं

@पामबीच_पायी हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. डाळ, तांदूळ, गहू, शेंगदाणे, गूळ. पारख लागते तिथेच माणसाला जागा आहे. साबणाची वडी सगळीकडे तीच, तिथे फक्त भाव.

गाळा_नंबर_चार

कायद्याचं थोडं. सिडकोच्या जागा भाडेपट्ट्याने असतात, बहुधा ६० वर्षांच्या. तुमच्या संस्थेला गाळा ग्राहक संस्थेसाठी म्हणून मिळाला असेल तर करारनाम्यात वापर आणि पोटभाड्याची कलमं असणार. सातव्या विषयावर हात वर करण्याआधी तो करारनामा सभेत मोठ्याने वाचायला लावा. आधी ठराव, मग साखळीशी करार आणि शेवटी सिडकोची नोटीस, हा क्रम मी एका संस्थेत पाहिलाय. वकिलाच्या फीमध्ये दोन वर्षांचं भाडं गेलं.

आणि 'चालवायला देणं' म्हणजे नक्की काय? मुंबईत सहकारी भांडारची दुकानं रिलायन्स रिटेलच्या हाती गेली तेव्हा पाटी तीच राहिली होती. गिऱ्हाईक अनेक दिवस समजत होतं की दुकान अजून संस्थेचंच. तुमची कार्यकारिणी पाटी ठेवणार की काढणार, हेही विचारा.

उरणफाटा

पाटीने काय फरक पडतो? माल चांगला मिळाला, बास.

गाळा_नंबर_चार

माल वाईट निघाला की कुणाच्या सभेत जाऊन ओरडायचं, एवढाच फरक पडतो.

पन्हाळ्याचा_पाहुणा

शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून थेट घ्या ना. नाशिकच्या सह्याद्रीसारख्यांनी दाखवून दिलंय की शेतकऱ्यांची कंपनी निर्यातीपर्यंत जाऊ शकते. मराठवाड्यात डाळ करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांना शहरात खात्रीचं गिऱ्हाईक हवंय, तुम्हाला खात्रीची डाळ.

वहीखातं

बोलायला सोपं आहे. तो म्हणणार किमान दोन टन घ्या. हे दोन टन कुठे ठेवणार, पावसाळ्यात कीड लागली तर कुणाची? एक ट्रक माल परत पाठवून बघा म्हणजे कळेल. आधी याद्या हव्यात, मग कंपनीशी बोला. उलटं केलंत तर गोदामात पोरकिडे पाळाल.

जमाखर्च

दोन दिवसांत एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल कार्यकारिणीतल्या दोघांशी बोललो. त्यांचीही तक्रार ऐकण्यासारखी आहे: पाच वर्षं विनामोबदला काम करतोय, सभेला पंचवीस डोकी येतात, त्यातली पाच चहासाठी. कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब आणि मग जमलेल्यांतच उरकायची, असं दरवर्षी होतं. अशा सभेत सातवा विषय पाच मिनिटांत मंजूर होईल.

म्हणून मी एक उपसूचना लिहून देतोय. कच्चा खर्डा असा: गाळ्याचा पुढचा भाग खासगी साखळीला देऊ नये. ब्रँडेड माल ठेवणं पूर्ण बंद करावं, कारण त्यात आपलं भांडवल अडकतं आणि मुदत संपलेला माल वितरक परत घेत नाही. फक्त धान्य, डाळी, तेल, गूळ, मसाले. तेही महिन्याच्या आगाऊ यादीवर, निम्मे पैसे यादीबरोबर. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तरी चालेल. खरेदी समितीला ठरावीक रकमेपर्यंत तुर्भ्याला जाऊन तिथल्या तिथे सौदा करायचा अधिकार, दरपत्रकं त्याच्यावरच्या रकमेला. वाटप शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी, उशिरापर्यंत. साठीपुढच्या सभासदांना घरपोच, आणि ते काम आपल्या दोन नोकरांनी करायचं. आत्ता ते माशा मारतायत. वर्षाअखेरीला जो नफा उरेल त्यातला काही भाग खरेदीच्या प्रमाणात परत. इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये हेच केलं होतं, त्यामुळे कुणी 'नवीन प्रयोग' म्हणून घाबरू नये.

आणि एक अट मीच घालतोय: सहा महिन्यांत ठरावीक कुटुंबांनी सलग यादी भरली नाही, तर दुकान देऊन टाकायच्या बाजूने मी स्वतः मत देईन. आकडा सभेत ठरवू. सभासदांनाच नको असलेलं दुकान तीन कार्यकारिणींनी ओढत न्यावं यात मला काही उदात्त दिसत नाही.

उरणफाटा

अट पटली. आकडा शंभरच्या खाली नको. मी तरीही विरोधात मत देणार, पण यादी भरून बघेन.

चहाबिस्कीट

निम्मे पैसे आगाऊ? इथेच पन्नास जण गळतील.

तलावपाळी

गळू देत. जे उरतील ते मोजता तरी येतील. पहिल्या वाटपाला आमच्या संघातून दोघीजणी येऊ, काटा कसा लावायचा ते दाखवायला. ट्रान्स-हार्बरने थेट नेरुळ, काही लांब नाही.

वहीखातं

तुर्भ्याला पहिल्या खेपेला मला बरोबर न्या. नवख्याला वरची गोणी चांगली दाखवतात. आणि हो, मला शेंगदाणे द्याल ना त्याच भावात? सभासद व्हायची तयारी आहे.

पामबीच_पायी

आईऐवजी मी सभेला येऊन मत देऊ शकते का? तिचं पत्र घेऊन?

गाळा_नंबर_चार

नाही. सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत, आणि ते स्वतः हजर राहूनच द्यायचं. प्रतिनिधी पाठवता येत नाही. आईंनाच यावं लागेल.

पामबीच_पायी

सभा संस्थेच्या ऑफिसात आहे. ते पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तुमच्या निम्म्या सभासदांचे गुडघे माझ्या आईसारखेच असणार, मग कोरम कुठून होईल?

जमाखर्च

सचिवांना आत्ताच फोन केला. सभा खाली दुकानातच घ्यायला तयार आहेत, तशी सूचना उद्या फलकावर लागेल. मात्र मधली लोखंडी कपाटं हलवल्याशिवाय खुर्च्या मावणार नाहीत, आणि त्यात मुदत संपलेल्या बिस्किटांचे खोके आहेत तेही काढावे लागतील. शनिवारी संध्याकाळी सहाला कोण कोण येतंय? हातमोजे आणा, उंदरांची शक्यता आहे.